पासष्टावं उत्तर

शुक्रवारी मला नोकरीवरून काढलं.

घरात मात्र असं काही झालेलं नाही. मी रोजच्यासारखा इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलोय. घरात कमावणारा मी एकटा, त्यामुळे आई दारातून डोकावून खात्री करून घेते.

"आज काम आहे ना रे?"

"मीटिंग आहे," मी सांगतो.

वॉशिंग मशीन घेऊन पस्तावलेल्या लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिणं, हे आमचं काम. आम्ही पाच जण, पाच घरांत. 'पाठवा' जो दाबेल, त्याच्या नावावर उत्तर. महिनाअखेरीला ज्याची उत्तरं सगळ्यांत कमी, त्याला घरी बसवतात. आम्ही घरीच बसलेलो असतो, हा मुद्दा कुणी काढला नाही.

लिहायला माझा हात चालतो, म्हणून चिडलेली गिऱ्हाइकं सगळे माझ्याकडे ढकलायचे. आमच्यातला डुलकी कॅमेऱ्यासमोरही झोपतो. तो तर सगळीच ढकलायचा.

"दादा, एवढं एकच. तुझ्या हाताला चव आहे."

मी लिहायचो. तो उठून 'पाठवा' दाबायचा आणि पुन्हा आडवा व्हायचा.

शुक्रवारी महिना संपला. डुलकीची चौसष्ट, माझीही चौसष्ट, बाकीचे पुढे. बरोबरी झाली की मॅडम ठरवतात.

"टीमवर्कमध्ये तू पहिला," मॅडम सकाळच्या मीटिंगमध्ये म्हणाल्या. सगळ्यांनी माइक बंद ठेवून टाळ्या वाजवल्या. "पण डुलकीकडे बघ. दिवसभर झोपून त्यानं चौसष्ट केली. तू जागा राहून तेवढीच."

मीही डुलकीसाठी टाळ्या वाजवल्या.

दुपारी मॅडमचा निरोप आला. "एक पत्र आहे, जरा भाषा बघ. फारच कोरडं झालंय."

पत्र मला काढून टाकण्याचं होतं. मी ते अख्खं नव्यानं लिहिलं, शेवटी पुढील वाटचालीस शुभेच्छा दिल्या. मॅडमनी 'पाठवा' दाबलं. चार मिनिटांनी ते मला मिळालं. छान उतरलं होतं.

सोमवारी डुलकीनं बारा तक्रारी पाठवल्या. "दादा, आता तू मोकळाच आहेस."

आईला ऐकू जाईल इतक्या जोरात मी टाइप करतोय. कंपनीला आलेलं चिडलेल्या माणसाचं प्रत्येक पत्र आता डुलकीकडे जातं आणि तिथून माझ्याकडे येतं, म्हणजे खालच्या अर्जाला उत्तरही मलाच लिहावं लागेल.

"महोदया, माझ्या बडतर्फीचे पत्र मीच लिहिलेले असल्याने ते माझ्या नावे मोजण्यात यावे. तसे केल्यास माझी उत्तरे पासष्ट होऊन मी शेवटचा राहणार नाही व सदर पत्र रद्द ठरेल. रद्द ठरले म्हणून ते मोजणीतून वगळू नये, ही नम्र विनंती."