उलट्या क्लिपची साक्षीदार

मी एक जुनी चेन आहे, मित्रांनो. मोटारसायकलची. सोन्याची म्हटलं असतं तर लगेच कान टवकारले असते तुम्ही! पण आता बसलाच आहात तर ऐका. मला कुणाला तरी सांगायचंच आहे.

कारखान्यात मला तापवलं, ठोकलं, कडीला कडी जोडली आणि तेलात बुडवून डब्यात भरलं. त्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते ताईच्या गाडीवर. ताई घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी माणसं उपाशीपोटी तिची वाट बघत बसतात. म्हातारी माणसं म्हणायची, "हिची सुई टोचलेली कळतसुद्धा नाही." एवढा हलका तिचा हात. आणि तो हात वेळेवर दारोदार पोचवत होते मी! इंजिन नुसतं ओरडतं, चाक नुसतं फिरतं, मधे ओढतं कोण? मला भारी तोरा होता त्याचा.

पहिली काही वर्षं ताई दर रविवारी रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन मला साफ करायची. मग तिची कामं वाढली, रविवारही गेला. धूळ खाऊन खाऊन मी कोरडी पडले, लांबले, सैल झाले. चढ आला की माझी खडखड सुरू व्हायची आणि येणारेजाणारे वळून बघायचे.

ताईचा धाकटा भाऊ बेकरीत पाव भाजतो. पण मिक्सरपासून नळापर्यंत घरातलं सगळं उघडून बसायची त्याला हौस, म्हणून घरात त्याला इंजिनीअर म्हणतात. तो म्हणाला, "ताई, संपली ही. नवीन आणतो आणि घरीच बसवतो. त्यात काय एवढं?"

त्याने अंगणात गाडी स्टँडवर लावली, माझ्या दोन टोकांचा जोड उघडला आणि नव्या चेनचं टोक माझ्या टोकाला अडकवलं. मग मला ओढत गेला, तशी ती माझ्या मागोमाग दातेरी चक्रांवरून सरकत आत गेली. म्हणजे सवतीला घरात आणायचं कामही माझ्याच गळ्यात! शेवटी मला सोडवून फरशीवर टाकलं. ती तिकडे चकाकत होती आणि इकडे माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

चेनची दोन टोकं एका सुट्या कडीने जोडतात आणि वर नखाएवढी क्लिप बसवतात. या क्लिपचं एक टोक बंद असतं, दुसरं उघडं. दुकानदाराने बजावलं होतं की चेन ज्या दिशेने पळते, त्या दिशेला बंद टोक हवं. उलटं झालं तर उघडं टोक कशाला तरी अडकतं आणि क्लिप उडते. इंजिनीअर तेच घोकत होता. "गाडी पुढे जाते, म्हणजे चेन पुढे जाते. बंद टोक पुढच्या चाकाकडे."

पण जोड आला होता खालच्या बाजूला. आणि चेन वरून पुढे जाते, खालून मागे येते. मी जन्मभर त्याच वाटेने फिरले, मला माहीत नसणार? त्याने पक्कडीने क्लिप दाबली. टक्. ती उलटी बसली होती.

ताई शेजारीच पिशवी खांद्याला लावून उभी होती. "आटप रे बाबा, माणसं ताटकळलीत तिकडे."

मला चूक दिसली. आणि मित्रांनो, मला आनंद झाला. म्हटलं, बरी जिरेल या सवतीची! मला बोलता येत नाही हे खरं. पण तोंड असतं तरी त्या क्षणी मी ते उघडलं नसतं. माझी नजर त्या चकचकीत चेनवर खिळली होती. गाडीवर ताई बसणार आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती फाटकाबाहेर गेली तेव्हा ते आलं, आणि माझी कडी न् कडी गार पडली.

दुपारी गाडी टेम्पोतून घरी आली. क्लिप उडाली होती, चेन निसटून चाकात अडकली होती. ताई उतरली तेव्हा तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"मालच भिकार निघाला!" म्हणत इंजिनीअर दुकानदाराशी भांडून नवी क्लिप घेऊन आला आणि पुन्हा तशीच लावायला लागला. ताई स्टुलावर बसून बघत होती.

"थांब," ती म्हणाली. "आधी चाक पुढे फिरव. हाताने. आणि जोड कुठे जातो ते बघ."

त्याने चाक फिरवलं. जोड मागे गेला. त्याने पुन्हा फिरवून बघितलं, पुन्हा मागेच.

"ताई, मीच पाडलं गं तुला."

"मी पण शेजारीच उभी होते ना? घाई मलाच होती. रडू नकोस, क्लिप काढ आणि सरळ लाव."

ती लावून झाल्यावर त्याने मला उचललं. "ही देतो भंगारात."

"नको रे," ताई म्हणाली. "इतकी वर्षं एकदाही दगा दिला नाही तिने मला. राहू दे घरात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. भंगारात गेले असते तर बरं झालं असतं.

मित्रांनो, गाडीचं काम घरी खुशाल करा, पण क्लिप दाबण्याआधी चाक एकदा हाताने फिरवून बघा. आणि तुमच्या नावडत्या माणसाच्या कामातही चूक दिसली, तर मजा बघत उभे राहू नका. तुम्हाला तोंड आहे, सांगा. कारण चूक एकाची असते आणि पडतं भलतंच माणूस.

ताईचं प्लास्टर आता निघालंय. पण बोटांत अजून बळ नाही. नमुने घ्यायला सध्या दुसरीच मुलगी जाते. मी जिन्याखाली खिळ्याला लटकलेली असते. मला गंज चढू नये म्हणून ताई मधूनमधून येऊन तेल लावते. डाव्या हाताने.