उभी पाटी

पाटीचा एक कोपरा उखडला होता आणि आतला पांढरा पुठ्ठा दिसत होता. ती मघापासून तिथेच नख लावत होती – देशाचं नाव लिहिलेल्या पाटीला नख लावू नये एवढं कळत होतं, पण नख काही थांबत नव्हतं. पाटी टेबलावर आडवी होती. बोलायचं असेल तर ती उभी करायची, मग अध्यक्ष बोलायला सांगतात. सगळ्यांच्या पाट्या आडव्या, म्हणजे सगळ्यांची संमती. बोलण्यापेक्षा न बोलण्याचेच नियम इथे पक्के आहेत, असं तिला पहिल्या परिषदेत वाटलं होतं आणि तिला हसू आलं होतं… आता हसूही येत नाही.

सभागृहाला खिडक्या नव्हत्या. समोरच्या पडद्यावर एकच वाक्य होतं : हवामानबदलाला तोंड देण्यासाठी जी कामं होतील, त्यांत बाधित माणसांना आधी विचारलं जाईल आणि त्यांचे मानवी हक्क राखले जातील. सकाळपासून ह्याच वाक्याचं गुऱ्हाळ चाललं होतं. 'विचारलं जाईल'चं 'शक्यतो विचारलं जाईल' झालं, मग 'परिस्थितीनुसार शक्यतो' झालं, आणि जेवणानंतर एका बड्या देशाने सुचवलं की वाक्यच काढून टाकू, म्हणजे वादच नको. कुणी रागावलंसुद्धा नाही. सगळे दमले होते, आणि दमलेली माणसं कशालाही बरं म्हणतात.

तिच्या मागच्या खुर्चीत शिष्टमंडळाचे प्रमुख बसले होते. सकाळीच त्यांनी तिला कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं होतं.

"ते वाक्य जाऊ दे. बदल्यात किनाऱ्याच्या भिंतीचा निधी मिळतोय. हातातोंडाशी आलेला घास आहे. तू फक्त गप्प बस."

"सर, ते वाक्य आपणच आणलं होतं."

"आणलं होतं म्हणून तर आज त्याला भाव आलाय." हे बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता; ह्या परिषदांमध्येच त्यांचे केस पिकले होते.

भिंत हवीच होती. समुद्र दरवर्षी आत येतोय, त्याचे आकडे तिनेच ह्या टेबलावर मांडले होते. पण भिंत जिथून जाणार तिथे आत्याचं घर आहे – आई गेल्यावर ज्या घरात ती वाढली ते. परवा आत्याचा फोन आला होता.

"अगं, घर पाडायचं म्हणून मोजणीवाले दारावर फुली मारून गेले. मी घरातच होते. पाणी देऊ का म्हटलं, तर म्हणाले घाई आहे."

"आत्या, भिंत झाली तर सगळा किनारा वाचेल गं."

"वाचू दे की! मी कुठे नको म्हणतेय? मला विचारलं असतं तर हो म्हटलं असतं कदाचित." आणि मग, नेहमीसारखं, "तू जेवलीस का?"

ती जेवली नव्हती. जेवले म्हणाली.

…लहानपणी ती कुठेही झोपून जायची, ओट्यावर, जिन्यात, धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर. आत्या वाकून कानाशी विचारायची, "उचलू का गं?" झोपेतून 'हं' आल्याशिवाय उचलायची नाही. काका चेष्टा करायचे, झोपलेल्या पोरीला काय विचारत बसतेस? आत्या म्हणायची, "तिचं अंग आहे, तिला नको विचारायला?" हे वाक्य कुठल्याच मसुद्यात तिला इतक्या थोडक्यात मांडता आलं नव्हतं. बाकी माणसांचं काय घेऊन बसलेय मी, तिच्या मनात आलं, जिने मला विचारल्याशिवाय अंथरुणावरही नेलं नाही, तिलाच मी आज मूग गिळून हलवणार…

कुणीतरी कॉफी आणून दिली. टेबलावर कागदांचा पसारा, कप ठेवायला जागाच नव्हती. तिने एका हाताने पाटी उचलून पाण्याच्या बाटलीला टेकवली, मोकळ्या झालेल्या जागेत कप ठेवला, आणि त्याच्याभोवती दोन्ही हात धरले. हात गार पडले होते.

"हरकत दिसत नाही," अध्यक्ष म्हणत होते, "तर हे वाक्य वगळून –" त्यांचा हातोडा वर गेला, आणि तसाच राहिला. चष्म्यावरून ते तिच्याकडे बघत होते. "आपल्याला बोलायचंय का?"

तिला आधी कळलंच नाही. मग शेजाऱ्यांच्या माना वळलेल्या दिसल्या, आणि बाटलीला टेकून ताठ उभी असलेली पाटी दिसली.

चुकून झालं, एवढं म्हटलं की पुरे. मागे एका पेंगुळलेल्या प्रतिनिधीकडून असंच झालं होतं, सगळं सभागृह खो-खो हसलं होतं, तोही हसला होता. पाठीमागून प्रमुखांचा दबका आवाज आला, "आडवी कर. अगं, आडवी कर ती."

एक बोट लावलं असतं तरी पाटी पडली असती. पण हात कपाभोवतीच राहिले. थकवा होताच, खांद्यांत, पापण्यांवर. मात्र दिवसभर तो न विचारता कुठेतरी वाहून नेल्या जाणाऱ्या माणसाचा होता, आणि आता नुकतीच हाक ऐकू आलेल्या माणसाचा. बोलायचंय का – विचारलं होतं खरं कुणीतरी. तिच्यासमोरच्या माइकचा दिवा लागला. अध्यक्ष थांबले होते, सगळेच थांबले होते, भिंतीचा निधी थांबला होता, आणि तिच्या घशात झोपेतला तो जुना 'हं' वर येत होता… तो आता आत्यासाठी, हे तिला ठाऊक होतं. त्याच्यापुढे काय बोलायचं, ते मात्र अजून ठाऊक नव्हतं.