न सुटलेली झेंडी

मित्रांनो, मी एक जुना कमरपट्टा आहे आणि माझ्यामुळे एक मुलगा पडला आहे. मला तसे करायचे नव्हते. माझ्या उजव्या कुशीवर जाड दोऱ्याचे टाके आहेत आणि ते कुणीही उसवायचे नाहीत, अशी पंचकाकांची सक्त ताकीद आहे. म्हणून मी सामानाच्या खोलीत एका खिळ्याला टांगलेला असतो. नवी मुले येतात, माझ्याकडे बघतात आणि हळूच विचारतात, "हाच का तो?"

हो, हाच तो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. चिवट फीत कापून मला पुढे बक्कल लावले आणि दोन्ही कुशींवर एकेक प्लास्टिकची वाटी बसवली. माझ्या झेंड्या म्हणजे हातभर लांबीच्या दोन पिवळ्या पट्ट्या. प्रत्येकीच्या टोकाला एक गोटी. गोटी वाटीत दाबली की बसते आणि झेंडी ओढली की 'टप्' करून सुटते. शेजारच्या टेबलावर सामानाच्या पिशव्यांचे पट्टे तयार होत. आपण किती वजन पेलतो, कधीच कसे तुटत नाही, अशा बढाया ते दिवसभर मारत. आम्हाला मात्र तपासणाऱ्या बाई सुटण्याबद्दल शाबासकी देत. माझी झेंडी त्यांनी वीस वेळा ओढली, वीस वेळा ती सुटली, आणि त्या म्हणाल्या, "गुणाचा आहेस." मी त्या कौतुकाने फुगलो होतो.

तुमच्यापैकी काहींनी फ्लॅग फुटबॉल खेळला असेल. ज्यांनी नाही, त्यांच्यासाठी सांगतो. लांबट चेंडू छातीशी धरून एकजण धावतो आणि समोरचे त्याला अडवायला येतात. पण त्याला धरायचे नाही, ढकलायचे नाही, त्याच्या अंगावर पडायचे नाही. त्याच्या कमरेची झेंडी ओढून काढली की खेळ तिथेच थांबला. म्हणजे मुलांची हाडे शाबूत राहावीत म्हणून आम्ही झेंडी सोडून देतो. एवढेच आमचे काम आणि एवढाच आमचा मान.

आमच्या लीगचे नियम पंचकाका सांभाळत. एरवी ते चष्म्याच्या दुकानात काम करत आणि लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरे वाचायला लावत. मैदानावर मात्र त्यांचा डोळ्यांवर काडीचा विश्वास नव्हता. "बघून काही कळत नाही, ओढून कळतं," असे म्हणत ते सामन्याआधी प्रत्येक मुलाच्या दोन्ही झेंड्या स्वतः ओढत. शर्ट आत खोचलेला हवा. दातांचे कवच तोंडात हवे, हातात नको. खिसे असलेली चड्डी चालणार नाही, कारण झेंडी ओढताना समोरच्याचे बोट खिशात अडकते आणि मोडते. डोक्याला मार लागला की त्या दिवशी पुन्हा मैदानात पाऊल टाकायचे नाही, मग कितीही बरे वाटत असो. मुले त्यांना पाठीमागे 'नियमांचं पोतं' म्हणत. काकांना ते ठाऊक होते. "पोतं तर पोतं, पण फाटकं नाही ना?" असे ते म्हणत.

माणसे माणसाला चेहऱ्यावरून ओळखतात, मी पोटावरून. न खाता आलेल्या मुलाच्या पोटातले कावळे आधी मला ऐकू येतात. भीतीने पोटात आलेला गोळा मला कळतो, दाबून धरलेले हसू कळते, आणि कुणी काही लपवत असले तर तेही कळते. म्हणून पुढची गोष्ट मी सांगतो, ती ऐकीव नाही.

पहिली दोन वर्षे माझे लाड झाले. सामना संपला की आम्हा सगळ्या पट्ट्यांना धुऊन, वाळवून, सरळ घडी करून पेटीत ठेवत. पुढे पुढे आम्हाला ओलेच कोंबू लागले. एकदा पेटीचे झाकण माझ्यावर आपटले आणि उजव्या वाटीची कड तडकली. तडकलेले सामान लाल पिशवीत टाकायचे आणि पुन्हा खेळायला द्यायचे नाही, असा नियम होता. आमच्या संघाचे प्रशिक्षक असलेल्या ज्या सरांच्या हातात मी होतो, त्यांनी तडा पाहिला, अंगठ्याने दाबून बघितला आणि म्हणाले, "चालतंय की अजून."

खरे सांगतो, मला ते गोड वाटले. लाल पिशवीत जायला कुणाला आवडते?

त्या वर्षी मी भिंगरीच्या कमरेला होतो. भिंगरी हे तिचे मैदानावरचे नाव. दहा वर्षांची, अंगाने चिमुकली, पण धावता धावता अशी गर्रकन वळायची की समोरचा हवेतच हात मारत राही. एका सामन्यात ती शेवटच्या रेषेपासून चार पावलांवर असताना तडकलेल्या वाटीतून माझी झेंडी आपोआप गळून पडली. आमच्या लीगमध्ये झेंडी पडली की खेळ थांबतो, कुणी ओढो वा न ओढो. तो सामना तिच्या संघाने गमावला. ती तोंडाने "काही नाही, काही नाही" म्हणत होती आणि तिचे पोट हुंदक्यांनी हलत होते.

तेव्हा सरांनी मला तिच्या हातात दिले. "तुझी आई शिवणकाम करते ना? ही झेंडी सारखी पडते, जरा घट्ट करून आण म्हणावं."

मित्रांनो, खरे तर त्याच वेळी मी लाल पिशवीत जायला हवे होते.

भिंगरीचे घर म्हणजे दीड खोली, आणि त्यातली अर्धी आईच्या शिलाई मशीनची. टेबलावर गिऱ्हाइकांचे बिनबाह्यांचे शर्ट पडलेले, खाली चिंध्यांचा ढीग. आईने तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या, मला उलटेसुलटे करून पाहिले आणि पुन्हा भिंगरीकडे दिले.

"बाई गं, प्लास्टिकच गेलंय की याचं. शिवूनच टाकावं लागेल. पण ही पट्टी सुटायला हवी असते का? की अशीच राहायला हवी?"

भिंगरीने मला पोटाशी धरले होते. तिचे पोट एकदम आत गेले. पंचकाकांकडून तिने तो नियम शंभरदा ऐकला होता.

"पडायला नको," ती म्हणाली.

हे खोटे नव्हते, पण आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही नव्हते.

"मग दे इकडे. माझ्या हातचं कधी उसवलंय का?" आई हसून म्हणाली. तिने पिशव्या शिवायचा जाड दोरा ओवला आणि झेंडी थेट माझ्या अंगावर शिवली. एकदा, दोनदा, तीनदा. काम फार सुबक होते. लेकीसाठी केलेले काम होते ते. सुई आरपार जात होती आणि मी गप्प होतो, कारण मला दुसरे काही येत नाही.

पुढच्या आठवड्यात अंतिम सामना होता. सकाळपासून आभाळ काळे होते. मुले मैदानात उतरणार, तेवढ्यात लांबवर गडगडले. गडगडाट ऐकू आला की अर्धा तास मैदान रिकामे, हाही नियमच. काकांनी सगळ्यांना खोलीत बसवले. अर्धा तास पुरा होता होता पुन्हा गडगडले, आणि पुन्हा पहिल्यापासून अर्धा तास. आईबाप घड्याळाकडे बघू लागले. यानंतरच्या सामन्याची मुले येऊन दारात उभी राहिली.

शेवटी रांग लागली. भिंगरी सगळ्यांत शेवटी जाऊन उभी राहिली. तिच्या पोटात गोळा आला होता. काकांनी पहिल्या मुलाची झेंडी ओढली, टप्. दुसऱ्याची ओढली, टप्. तिला कळत होते की आता आपण सापडणार. मला वाटत होते, सापडू दे. काका, या इकडे. या लवकर.

"काका, परत गडगडायच्या आत उरका हो!" सर ओरडले.

काकांनी आभाळाकडे पाहिले. मग तिसऱ्या मुलापासून ते नुसते बघत पुढे निघाले. "शर्ट आत? कवच तोंडात? पट्टे सगळ्यांचे आहेत ना? चला!" माझ्यावरून त्यांची नजर गेली. सुबक टाके, पिवळ्यावर पिवळा दोरा. त्यांना काही दिसले नाही.

भिंगरीचा जीव भांड्यात पडला. रोखून धरलेला श्वास सुटला, तो मला जाणवला.

समोरच्या संघात पेन्सिल नावाने ओळखला जाणारा एक उंच, काटकुळा मुलगा होता. त्याचे बाबाच त्या संघाचे प्रशिक्षक. पेन्सिल दांडगाई कधी करत नसे. झेंडी अलगद काढून उंच धरायची आणि हसायचे, अशी त्याची सवय. सामना संपायला थोडाच वेळ होता. दोन्ही संघ बरोबरीत होते. भिंगरीला चेंडू मिळाला आणि ती कडेने सुसाट निघाली. पेन्सिल तिरका धावत आला, त्याने झेप घेतली आणि माझी उजवी झेंडी पकडली.

मित्रांनो, झेंडी ओढणारा मुलगा ती सुटणार असे धरून चालतो. त्याचे सगळे अंग त्या भरवशावर पुढे गेलेले असते.

मी सुटलो नाही. टाके उसवले नाहीत. आई खरेच बोलली होती. भिंगरीला कमरेत हिसका बसला, ती उलटी फिरली आणि पेन्सिल तिच्या खाली आला. त्याचे डोके जमिनीवर आपटले. आवाज अगदी लहान झाला.

काका धावत आले. त्यांनी त्याच्या मुठीतली झेंडी सोडवायला ओढली आणि ती येईना. तेव्हा त्यांना टाके दिसले.

पेन्सिल उठून बसला, उभाही राहिला. "किती झाले?" त्याने विचारले.

"बरोबरीत आहोत," बाबा म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. आणि पाण्याचा एक घोट घेऊन त्याने पुन्हा विचारले, "किती झाले?"

"बघा, उभा आहे तो. बोलतोय," बाबा काकांना म्हणाले. "पाचच मिनिटं उरलीत. खेळू द्या त्याला. त्याचाच सामना आहे हा."

"नाही. डोक्याला लागलंय."

"आता नियम आठवला तुम्हाला? झेंड्या तपासायच्या वेळी कुठे होता?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "तेव्हा चुकलो," ते म्हणाले. "म्हणूनच आता चुकणार नाही. तो आज खेळणार नाही आणि हा सामनाही इथेच संपला."

बाबा काही बोलणार, तेवढ्यात पेन्सिलने मान वर केली आणि तिसऱ्यांदा विचारले, "किती झाले?" आणि मग त्याला उलटी झाली. बाबांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी त्याला बाकावर आडवा केला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याचा हात सोडला नाही. पुढे कळले, की दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना विचारले होते, याला पुन्हा खेळायला तर पाठवले नव्हते ना? नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "नशीब समजा. आणखी एक धक्का बसला असता तर मी काही सांगू शकलो नसतो."

भिंगरीची आई दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन मैदानावर आली आणि काकांसमोर रडली. "मला काय ठाऊक हो? मला कुणी सांगितलंच नाही." काकांनी तिला टाके उसवू दिले नाहीत; ते सगळ्यांना दिसत राहावेत म्हणून मला खिळ्याला टांगले. चूक त्यांची स्वतःची, सरांची, सगळ्यांची आहे, असे ते म्हणाले. भिंगरी आईचा पदर धरून उभी होती. ती काहीच बोलली नाही.

दोन महिने गेले. एका दुपारी पेन्सिल मैदानावर आला. टोपी डोळ्यांवर ओढलेली. उजेड त्याला अजून सहन होत नव्हता, आणि वाचायला बसले की अक्षरे हलतात, असे तो सांगे. या वर्षी त्याला खेळायला मनाई होती. पुढच्या वर्षीचे कुणी बोलत नव्हते. तो सावलीतल्या बाकावर बसला. भिंगरीने मला खिळ्यावरून काढले आणि त्याच्याजवळ नेले.

"मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही," तो म्हणाला. "सगळे म्हणतात पट्टा खराब होता. खरं काय झालं गं?"

तिने मला पोटाशी धरले होते. तिचे पोट पुन्हा आत गेले. या वेळी मात्र ती बोलली.

"खराब नव्हता. शिवलेला होता. आईला माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं. काकांनी माझी झेंडी ओढली असती तर टाके सापडले असते. त्यांनी ओढली नाही, तेव्हा मला बरं वाटलं."

पेन्सिलने माझ्या टाक्यांवरून बोट फिरवले. बराच वेळ फिरवले. मग तो उठला आणि बाबांच्या गाडीकडे चालत गेला. त्याने मागे वळून पाहिले नाही. तिच्या पोटातला हुंदका मला जाणवला, पण या वेळी ती "काही नाही" असे म्हणाली नाही.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. आम्हाला ओले कोंबू नका. तडा गेला तर "चालतंय" म्हणू नका, खुशाल लाल पिशवीत टाका. घाई असो, आभाळ भरून आलेले असो, खेळाआधी प्रत्येकाची झेंडी ओढून बघा. आणि काही बिघडले आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर कुणी विचारायची वाट बघू नका. मला सगळे कळत होते, मित्रांनो, अगदी पहिल्या टाक्यापासून. पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.