एक फुल, दोन हाफ

वन्संनी परतीची तिकिटं आठवडाभर आधीच काढून ठेवली होती. एक फुल, दोन हाफ. संध्याकाळी सहाची बस, तिन्ही सीट एका रांगेत. भावजयीला ती दाखवून त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन अशी ओढली की घरातला विषयच बंद व्हावा.

भावजय काचसामानाच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला होती. नऊ वर्षं पेले, बरण्या आणि आरसे खोक्यांत भरून झाल्यावर तिला दुसऱ्या शहरातल्या नव्या गोडाऊनवर सुपरवायझरची जागा मिळाली, आणि घरात एकच प्रश्न उभा राहिला. मुलं कुठे राहणार? थोरली पाच वर्षांची, धाकटा तीनचा. धाकट्याचा आवाज असा की सगळी आळी त्याला भोंगा म्हणायची. नवरा ट्रकवर, महिन्यातले सहा दिवस घरी. त्याने फोनवरून “तुम्ही दोघी ठरवा” असं सांगून हात झटकले. त्याला काय, ट्रक कुठल्याही शहरात उभा राहतो.

वन्सं म्हणजे त्याची मोठी बहीण. निवृत्त मुख्याध्यापिका, शेजारच्याच घरात एकट्या राहणाऱ्या. नवी नोकरी, नवं शहर, तेव्हा मुलं माझ्याजवळच राहू देत, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय ही माकडं सहा तास बसमध्ये बसतील तरी का, इथूनच त्यांना शंका. शेवटी त्यांनी अट घातली. मी बरोबर येते. मुलांना नीट नेऊन दाखवलंस तर ती तुझी, नाहीतर त्याच संध्याकाळी माझ्याबरोबर परत.

आणि ही शहाणी हो म्हणाली. स्वतःच्या पोटच्या पोरांसाठी परीक्षेला बसायला कबूल झाली. का, तर नऊ वर्षांत तिने भरलेल्या खोक्यातला एक पेला कधी फुटला नव्हता. जिने हजारो आरसे धड पोचवले, तिला दोन पोरं काय जड, असं तिला वाटलं. घोडामैदान जवळच होतं.

गोडाऊनमध्ये एक नियम आहे. खोक्यात रिकामी जागा राहिली की माल हलतो, आणि हलला की फुटतो. म्हणून कोपरा न् कोपरा भरायचा. तिने प्रवासाचंही तेच केलं. सहा तास म्हणजे बारा अर्धे तास, म्हणून बारा पुड्या. तपकिरी कागद, चिकटपट्टी आणि जाड पेनाने वर आकडा. एकीत रंगीत चिकटचित्रं, दुसरीत दोरा आणि मोठी बटणं, तिसरीत फोडायला बबल रॅप, चौथीत चणे एकेक करून खायला. दर अर्ध्या तासाला एक पुडी उघडायची, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. तेरावी पुडी तिने केली नाही. जास्तीचा खोका पाठवणं गोडाऊनमध्ये चूक धरतात.

सकाळी नऊला बस सुटली. वन्सं पलीकडच्या रांगेत, मांडीवर छोटी वही आणि हातात पेन घेऊन बसल्या. त्यांनी एकदाही मदत केली नाही, नुसतं टिपत राहिल्या.

पुड्यांनी मात्र कमाल केली. दुपारचे दोन वाजेपर्यंत दोघं जागेवरून हलली नाहीत. बस वाटेत दोनदा थांबली, तेव्हा लोक उतरले, पाय मोकळे करून आले. हिने मुलांना तेवढं लघवीला नेऊन थेट परत सीटवर आणलं, कारण पुढच्या पुडीची वेळ झाली होती. भोंगा खिडकीला नाक लावून बाहेरच्या कुत्र्याकडे बघत राहिला. तिने त्याचं तोंड हळूच आत वळवलं आणि पुढची पुडी हातात दिली.

दोन वाजता पुढे कुठेतरी ट्रक उलटला आणि रस्ता बंद झाला. बस उभी राहिली. इंजिन बंद, गार हवा बंद. अकरावी पुडी संपली, बारावी संपली. तीन वाजले, पोचायची वेळ टळली, आणि बस होती तिथेच.

“तेरावी कुठाय?” थोरलीने विचारलं.

तेरावी नाही म्हटल्यावर तिने बारा कागद पुन्हा मोजले, आणि आईने आपल्याला फसवलं हे तिला पटलं. ती रडायला लागली. तिचं पाहून भोंग्याने तोंड उघडलं, आणि आळीने त्याला ते नाव उगाच दिलं नव्हतं हे सगळ्या बसला कळलं. त्याने पुढच्या सीटला लाथा मारल्या. एक बूट काढून फेकला, तो नेमका पुढच्या गॉगलवाल्याच्या मांडीवर पडला. तिने चुचकारलं, दटावलं, गोष्ट सांगायला घेतली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. नऊ वर्षांत न फुटलेला माल आता एकदमच फुटला होता.

कंडक्टर आला. बाई, आवाजाची तक्रार आलीय, काहीतरी करा, म्हणाला. गॉगलवाला बूट दोन बोटांत धरून वळला.

“सांभाळता येत नाहीत, तर आणायची कशाला?”

सॉरी तिच्या ओठांवर आलंच होतं. सकाळपासून ती ते कितीदा म्हणाली होती याची गणती नव्हती. सीटला गुडघा लागला म्हणून सॉरी, पोरगी हसली म्हणून सॉरी. तेवढ्यात तिला पलीकडून चेनचा आवाज आला. वन्संनी पर्स उघडली होती. आत तिकिटांची घडी दिसत होती, आणि त्या ती बाहेर काढायच्या बेतात होत्या.

तिचं डोकं सटकलं. भोंग्याला कडेवर घेऊन ती मधल्या वाटेत उभी राहिली.

“सांभाळतेय म्हणूनच आणलीत,” ती म्हणाली. “बस दोनदा थांबली, दोन्ही वेळा तुम्ही उतरून पाय मोकळे केलेत, मी पाहिलंय. याला तीन वर्षं झालीत आणि मी याला सहा तास सीटवरून हलू दिलं नाही. तुमची झोप मोडू नये म्हणून. चुकलं माझं, पण तुम्ही म्हणताय ते नाही. बूट द्या इकडे.”

त्याने बूट दिला. कंडक्टरला तिने दार उघडायला सांगितलं. मध्येच कुणाला उतरवता येत नाही, असं तो कुरकुरला. बस चालायला लागेल तेव्हा येतील ती, तिने सांगितलं, नाहीतर भोंगा तुमच्या शेजारी आणून बसवते. दार लगेच उघडलं.

रस्त्याच्या कडेला मोठं मोकळं मैदान होतं. तिने दोघांना सोडलं आणि म्हणाली, ओरडा. त्यांना खरं वाटेना. थोरलीने दोनदा विचारून घेतलं, मोठ्याने का? हो, म्हणाली, फुटेल एवढ्या मोठ्याने. मग दोघं जी सुटली ती सुटलीच. धुळीत लोळली, पुन्हा उठली, एकमेकांच्या मागे किंचाळत धावली. मागच्या सीटवरची आणखी तीन पोरं आपापल्या आयांचे हात सोडवून खाली आली. भावजय नुसती बघत राहिली. तिला हसू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता.

वन्सं खाली उतरून तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

“माझ्या शाळेत दोन तासांनी मधली सुट्टी असायची,” त्या म्हणाल्या. “तुझ्या बारा पुड्यांत ती नव्हती.”

“हे सकाळी का नाही सांगितलंत?”

“परीक्षेच्या वर्गात मास्तर उत्तरं सांगत नाहीत.”

“मग लिहा वहीत,” ती म्हणाली. “मी नापास. बूट फेकला तेही लिहा, गाडीभर लोकांची झोप उडवली तेही लिहा. आणि मुलं माझ्याजवळ राहणार.”

“शब्द दिला होतास.”

“दिला होता. मोडतेय. गप्प बसली तर माझी आणि रडली तर तुमची, असं कुठे असतं, वन्सं? रडली तर आधी माझी. या परीक्षेला मी बसायलाच नको होतं.”

सासरी आल्यापासून ती वन्संशी असं कधी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर ती भोंग्याचा बूट झटकत राहिली. वन्संनी वही मिटली. त्यांचा चेहरा एकाएकी खूप थकलेला दिसला. संध्याकाळी शेजारच्या घरातून आवाज येणार नाही, कुणी आत्या म्हणून दार वाजवणार नाही, हे त्यांच्या मनात आहे हे तिला कळलं. तिला वाईट वाटलं, मनापासून वाटलं. पण आपला शब्द तिने तसूभरही मागे घेतला नाही.

चारला रस्ता मोकळा झाला. दोन्ही पोरं अंगभर माती घेऊन झोपली ती पाचला स्टँड येईपर्यंत उठली नाहीत.

सहाची बस फलाटावर लागलीच होती. वन्सं आत चढून खिडकीशी बसल्या. शेजारच्या दोन्ही सीट रिकाम्या. थोरलीने एक पुडी हात उंच करून खिडकीतून आत दिली. बाराव्या पुडीचाच चुरगळलेला कागद, आत मैदानातले चार खडे. आत्या, कंटाळा आला की उघड, त्याच्या आधी नाही, असं तिने बजावलं. वन्संनी ती पर्समध्ये ठेवली आणि तिकिटं बाहेर काढली.

कंडक्टरने ती उलटून पाहिली. एक फुल, दोन हाफ, हाफ कुठे आहेत, त्याने विचारलं. खाली उभ्या असलेल्या भावजयीने नकळत दोन्ही मुलांचे हात घट्ट धरले.

“त्यांच्या आईजवळ आहेत,” वन्सं अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. “आणखी कुठे असणार?”