समशेर नसलेलं मानपत्र

सत्कार रंगला तर गीताला मंडळाचं अध्यक्षपद मिळणार होतं. शिवाय कुकटपल्लीच्या सोसायटीत तेलुगू शेजाऱ्यांकडून 'त्या मराठी मॅडम'ऐवजी 'प्रेसिडेंट मॅडम' अशी हाक. हा दुसरा नफा तिला जास्त गोड वाटे. पण तो ती कुणाला बोलून दाखवत नसे.

चिक्कडपल्लीच्या मराठी मंडळात रिवाजच तसा होता. निवडणुकीआधीच्या कार्यक्रमाला जो उमेदवार पाहुणा आणेल, त्यानेच मानपत्र लिहायचं आणि वाचायचं. वाचन गाजलं की मतं खिशात. कोठी बाजारातले कापडवाले हणमंतराव असेच तीनदा निवडून आले होते.

गीताने पाहुणाही तोलामोलाचा गाठला. निवृत्त मेजर जनरल सूर्यभान वाघमारे, मूळचे नांदेडकडचे. सरहद्दीवर डोंगरातली लढाई झाली तेव्हा ते ब्रिगेडियर होते. छातीवर युद्ध सेवा पदक, पुढे अतिविशिष्ट सेवा पदक. गीताने 'युद्ध' एवढंच वाचलं आणि शिवजयंतीच्या भाषणांवर पोसलेल्या हाताने लिहून टाकलं: 'रणांगणी तळपलेली समशेर, शिखर चढून शत्रूचा फडशा पाडणारा मराठी वाघ.'

आदल्या दिवशी ती मसुदा घेऊन त्यांच्या घरी गेली. साहेबांनी चष्मा लावून तो वाचला.

"ताई, हा वाघ कोण?"

"तुम्हीच की, साहेब!"

"मी शिखर दुर्बिणीतून पाहिलं. खाली मुख्यालयात नकाशे, खेचरं आणि रॉकेल सांभाळत होतो."

"नक्को, साहेब, असं नका म्हणू. लोक टाळ्या वाजवायला येणार आहेत."

"एकदा हवामान बिघडलं. खेचरांवर एकच माल चढणार होता, दारूगोळा नाहीतर बर्फातले बूट. मी आदेशात दारूगोळा लिहिला. चौकी टिकली. काही पोरांच्या पायाची बोटं गेली."

"म्हणजे तुमची चूक झाली?"

"मुळीच नाही. आजही तेच लिहीन. पदक त्याच कामाचं आहे. पण मी लढलो असं वाचलंत, तर मी तिथेच उभा राहून खोडून काढीन."

परतीच्या मेट्रोत गीताने मनातल्या मनात पाहुण्याला ताप आणून पाहिला, कार्यक्रम पुढे ढकलून पाहिला. कुठलाच हिशेब जमेना. मग खोटं काढून टाकलं तर काय उरतं, हे पाहायला ती लिहीत बसली. उरलेलं तिला पहिल्यापेक्षा भारी वाटलं. हे मात्र तिच्या हिशेबात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने वाचलं: "साहेब शिखर चढले नाहीत. चढणाऱ्यांना काय मिळेल आणि कशावाचून राहावं लागेल, हे त्यांनी ठरवलं, आणि त्या निर्णयाचं ओझं दुसऱ्या कुणावर टाकलं नाही."

टाळ्या पडल्या त्या शिष्टाचारापुरत्या. मागून हणमंतराव शेजाऱ्याला म्हणाले, "हौ, म्हणजे गोदामाचे मॅनेजरच म्हणा की! गीताबाईंनी इतकं शोधून हेच आणलं?" दोन रांगा हसल्या.

साहेब उठले. हसणाऱ्यांकडे त्यांनी पाहिलंच नाही. सत्काराची शाल अंगावरून काढून नीट घडी केली आणि गीताला म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं काम कुणी बरोबर वाचलं."

महिन्याने निवडणूक झाली. खुर्ची पुन्हा हणमंतरावांकडे गेली, मानपत्र साहेबांच्या भिंतीवर गेलं, आणि गीता 'त्या मराठी मॅडम'च राहिली. पण तिने किंमत मोजली ती फार तर एका हाकेची. ज्यांनी खरी किंमत मोजली, ती बोटं गेलेली पोरं आपापल्या गावी थंडी पडली की अजून दोन-दोन मोजे चढवत असतील, आणि त्यांचं मानपत्र मंडळात कुणी मागितलं नव्हतं.