सोनाबाईंच्या घरचं रक्त

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. मी तुळशी, गावची आशा कार्यकर्ती. प्रत्येक सुनेची नोंद माझ्या वहीत. पूनम लग्न होऊन आली तेव्हा मी तिचा रक्तगट विचारला, तर सासूने, सोनाबाईंनी, तिला तोंडच उघडू दिलं नाही. म्हणाल्या, ओ पॉझिटिव्ह. मिठागरवाल्या या घरात सगळ्यांचा तोच. लग्नात नाव बदललं, कुलदैवत बदललं, मग रक्त तेवढं माहेरचं कसं राहील? आणि मी शहाणी, तसंच लिहिलं.

पहिल्या खेपेला पूनमचा चौथ्या महिन्यात गर्भपात झाला. वहीत पॉझिटिव्ह होतं, म्हणून निगेटिव्ह आईला गर्भपातानंतर देतात ते इंजेक्शन कुणी दिलं नाही. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात अलिबागला रक्त तपासलं आणि कागदावर आलं ओ निगेटिव्ह.

डॉक्टर मॅडमनी समजावलं. बाळ अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला परकंच. पण गरोदरपणातले हार्मोन त्या शरीराला नमतं घ्यायला लावतात, म्हणून ते पोटात टिकतं. रक्ताचं मात्र वेगळं. बाळाचं पॉझिटिव्ह रक्त आईच्या निगेटिव्ह रक्तात मिसळलं, की तिचं शरीर ते ओळखून ठेवतं आणि पुढच्या बाळाच्या रक्तावर उठतं. गेलेल्या बाळामुळे तसं झालं असेल, तर हे बाळ धोक्यात. झालं नसेल, तर इंजेक्शनने अजून वाचवता येईल.

तेच बघायला पूनमचं रक्त पुन्हा घेतलं; रिपोर्टला दोन दिवस होते. सोनाबाईंना मी सगळं सांगितलं. वाटलं, खवळतील. त्या नुसत्या ओट्यावर बसून राहिल्या, जेवल्याही नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "तवा पोरीला बोलू दिला आस्ता तं?"



तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. पूनमचं शरीर अजून उठलेलं नव्हतं. लगेच इंजेक्शन दिलं. दिवस भरल्यावर मुलगी झाली, टमाट्यासारखी लाल, काविळीचा मागमूस नाही. गट ओ पॉझिटिव्ह. दुसऱ्याच दिवशी पूनमला पुढच्या बाळासाठीचं इंजेक्शनही मिळालं. वॉर्डात मी नाचायचंच काय ते बाकी होतं.

पाचवीच्या पूजेला आळीतल्या सगळ्या सासवा-सुना जमल्या. एक म्हातारी कौतुकाने म्हणाली, नातीने शेवटी घरचंच रक्त घेतलं. सोनाबाई उठल्या, माझ्या पिशवीतून वही काढली आणि पूनमचं पान उघडून माझ्यापुढे धरलं.

"पूनम, तुझा रगात तू सांग. तुळशे, ती सांगल तसा लिव."

पूनमने मोठ्याने सांगितलं. मी जुनं खोडलं आणि नवं लिहिलं. मग सोनाबाई बाकीच्या सासवांकडे वळल्या.

"आता तुमच्या सुनांना बोलू द्या."

त्या दुपारी अकरा सुना एकेक करून पुढे आल्या. मला चार ठिकाणी खोडावं लागलं.