ग्रहणाआधीची गोळी

सव्वाआठला ग्रहण लागलं आणि सिंधुताईंनी सुनेला मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली. दोन हजार एकोणीसच्या डिसेंबरातला गुरुवार होता. मुलगा पीयूष सकाळच्या शिफ्टला प्लांटमध्ये गेलेला, दुपारी दोनशिवाय यायचा नव्हता. म्हणजे प्लांटच्या मरोदा वसाहतीतल्या त्या क्वार्टरमध्ये सासूचं राज्य होतं, आणि त्यापुढे सूर्याचंही काही चालत नव्हतं.

उत्कर्षाला सहावा महिना. खिडकीला गोधडी, झरोक्याला वर्तमानपत्र, ओटीत नारळ. कापायचं नाही, शिवायचं नाही, खाजवायचंसुद्धा नाही. सव्वाअकरापर्यंत चटईवर पाय लांब करून बसायचं. तिने सगळं हसत कबूल केलं होतं. मागच्या वर्षी चौथ्या महिन्यात तिचं मूल पडलं होतं, आणि तेव्हापासून कुणी काही सांगितलं तर नाही म्हणायची तिची छातीच होत नसे. लेडी डॉक्टरचंही ऐकायची, सासूचंही ऐकायची.

पंचाईत एवढीच, की दोघींची भीती वेगवेगळी होती. सासूची भीती आभाळात होती, डॉक्टरची मोनूच्या पोटात.

मोनू हा सिंधुताईंचा लाडका बोका. उंदीर खाऊन खाऊन त्याला जंत झाले होते. परवा अंगणात त्याने शेवयांसारखे दोन ओकून टाकले. लेडी डॉक्टरने बजावलं होतं, मांजराच्या घाणीत आणखी एक बारीक जीव असू शकतो, डोळ्यांना न दिसणारा. तो पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. घाण दुसऱ्याने काढायची, तू हात लावायचा नाही. जनावरांच्या डॉक्टरने बोक्याला जंताची गोळी दिली. पण ग्रहणात औषध द्यायचं नसतं, म्हणून सिंधुताईंनी ती घाईघाईने सातलाच दुधातून पाजली आणि सुटले म्हणाल्या. कुठली सुटका! बोका गोळी पोटात घेऊन निवांत जागा शोधत सुनेच्या पलंगाखाली शिरला, आणि सिंधुताईंनी दोघांवर मिळून एकच कडी लावली.

नऊच्या सुमाराला पलंगाखालून वास आला. उत्कर्षाने मोबाइलचा उजेड पाडला. मोनू कोपऱ्यात वाकून बसला होता आणि पातळ घाण पसरत चटईकडे येत होती. तीत पांढरं काहीतरी वळवळत होतं. तिने पाय जवळ ओढले. मग आठवलं, पाय आखडायचे नाहीत. पुन्हा लांब केले, पुन्हा ओढले. आगीतून फुफाट्यात जायलासुद्धा जागा लागते. त्या दहा बाय दहात तीही नव्हती.

"आई! दार उघडा ना वो! मोनू आत हाये, त्यानं घाण केली."

बाहेर जप थांबला. "राहू दे. तू हलू नको."

"मेरे को उलटी आ रही है, आई. डॉक्टर बोलली होती ना, बाळाले..."

"डॉक्टरले काय मालूम!" सिंधुताई दाराला टेकून बसल्या असाव्यात, आवाज खालून आला. "ऐंशी साली असंच मोठं ग्रहण होतं. घरात कोनी पाहून नाई राहिलं म्हणून मी चवळीच्या शेंगा चिरल्या. पोरगी झाली त ओठ फाटलेला. दूध ओढता नाई आलं तिले. अकराव्या दिवशी गेली. पीयूषलेबी नाई सांगितलं मी आजवर."

शेंगा चिरल्याने ओठ फाटत नाही, हे उत्कर्षाला माहीत होतं, बी.एस्सी. झालेली होती. पण चाळीस वर्षं जी बाई स्वतःलाच दोष देत आली, तिला दाराच्या फटीतून बी.एस्सी. कशी शिकवायची? तिला सासूची दया आली आणि सासूचा संतापही आला, दोन्ही एकदम. तेवढ्यात घाण चटईच्या काठाला लागली.

"मग मीच पुसते हातानं," ती रडत म्हणाली. "फडकं हाये इथं."

"हात नको लावू!"

कडी सरकली. सिंधुताई आत आल्या, पदर नाकापर्यंत ओढलेला, हातात फिनाइल आणि पोतेरं. ग्रहणात ज्या बाईने चाळीस वर्षं पाण्याच्या भांड्यालाही हात लावला नव्हता, तिने गुडघे टेकून पलंगाखालची घाण काढली, दोनदा फरशी पुसली आणि बोक्याला काखोटीला मारून ती उठली.

"आता मी दार नाई लावत," त्या म्हणाल्या. "माया जीव नाई होऊन राहिला. बाहेर येऊन बसाचं असन त ये. तुयं तू ठरव."

त्या गेल्या. दार सताड उघडं राहिलं. बाहेर फरशीवर ऊन पडलं होतं, रोजच्यापेक्षा मळकट. उत्कर्षा उंबरठ्याशी आली. मोकळ्या हवेसाठी तिचा जीव कासावीस झाला होता. सूर्याचा आणि पोटातल्या बाळाचा काही संबंध नसतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने पाऊल उचललं. ते उन्हाच्या कडेशी अडलं.

साडेनऊच झाले होते. तिने पाऊल मागे घेतलं, दार लोटलं आणि आतून कडी घातली. मग कडी नीट बसली आहे का, म्हणून दोनदा ओढून पाहिली.